पाण्यात चार

उद्यमनगरात शिकलगारांच्या शेडमागं,
दोन मोडक्या लेथच्या मधी
ती उभी होती, ताडपत्री पांघरून.
दिलावरनं ताडपत्री ओढली,
आधी एक मांजर बाहेर पडलं,
मग आठ चाकं.

चार इकडं, चार तिकडं,
मधी पिवळं टब.
राधानगरीकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टची.
"चिखलात चालती, उसात चालती, पाण्यात बी चालती,"
दिलावर म्हणाला,
"फक्त आरटीओत पासिंग होत नाही."
म्हणजे उद्यमनगरातनं आंबेवाडीला
ती टेम्पोत बसून येणार.

सव्वाचार लाख.
त्यात तीन मुऱ्हा येतात, दुसऱ्या वेताच्या.
किंवा गच्चीवर एक खोली.
किंवा काहीच नाही,
आणि पैसे सोसायटीत पडून राहतात
माझ्यासारखेच, विचार करत.

मी साखळी बघितली. टायरला नख लावून बघितलं.
तासांचं मीटर सहाशे बारावर थांबलेलं.
"बंद काय आहे, मीटर का गाडी?"
दिलावर हसला, आणि नेमकं हसण्यावारी नेलं.

गिरगावच्या वाटेवर एक जुनी खण आहे, तिथं उतरवली.
स्टिअरिंग नाही हिला. दोन दांडे.
डावा ओढला की डावीकडची चाकं थांबतात,
कासरा ओढावा तशी.
हाताला ते लगेच कळलं. मला नंतर.
पाण्यात गेल्यावर चाकंच वल्ही झाली,
आठही फिरत होती जीव तोडून,
आणि आम्ही सरकत होतो
लग्नाच्या वरातीएवढे.
आमची चंद्री हिच्या पुढं गेली असती.

मधोमध गेल्यावर पायाला गार लागलं.
तिसऱ्या ॲक्सलपाशी पाणी झिरपत होतं, फार नाही,
चहाच्या बशीएवढं.
"सील बदलतो," दिलावर म्हणाला.
मी बशीकडं बघत राहिलो.

एकोणीस साली तिसऱ्या दिवशी बोट आली होती.
तोवर आबांनी विळ्यानं दावी कापलेली.
चार म्हशी सोडल्या, तीन
शिंगणापूरच्या माळाला सापडल्या.
चौथीचं दावं अजून खुंटीला आहे.
ते काढ असं कुणी म्हणत नाही,
आणि मी काढत नाही.

परत येताना काठावर दिसली ती पाटी,
सीटच्या मागं, रिबिटं मारलेली, अर्धी खरवडलेली:
जमिनीवर सहा. पाण्यात चार.

आबा, आई, उज्ज्वला, ओवी, मी.
बोटं मोडून परत मोजली.

रात्री घरात सांगितलं.
उज्ज्वला शेपू निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"मग दोन फेऱ्या."
"पहिलीत कोण?"
"जो विचारतो, तो दुसऱ्या."
ओवीला पिवळ्या रंगाचं पसंत पडलं होतं.
आबा बराच वेळ पानाला चुना लावत बसले,
पान संपलं तरी.
मग म्हणाले,
"आन म्हशी कुठल्या फेरीत?"

दिलावरनं निघताना तळाचं एक बूच काढून दिलं,
काळं, रबरी, अंगठ्याएवढं.
"हे न्या खिशात. विचार होईस्तोवर
दुसऱ्या कुणाला विकत नाही.
बुचाबिगार घेणार कोण?"
विसार असा असतो, मला ठाऊक नव्हतं:
पैसे मी द्यायचे, तर यानंच मला दिलं काहीतरी.

तेव्हापासून मोबाईलवर आकडा येतो,
राजाराम बंधारा, एकवीस फूट,
एकवीस फूट चार इंच,
आणि हात आपोआप खिशात जातो.
खिशातलं ते भोक बुजवायचं सामान
कोमट झालेलं असतं.

शनिवारी उज्ज्वलानं पँट धुवायला घेतली.
बूच काढून देवळीत ठेवलं,
गोठ्याच्या किल्लीशेजारी.
काही बोलली नाही.
मी गोठ्यात गेलो, वैरण टाकली,
आणि चंद्रीच्या दाव्याची गाठ
उगाचच एकदा सोडून बघितली,
किती वेळ लागतो.